अंगणातला कुत्रा आणि घरातले मूल

कुत्रा म्हटला की आपल्या मनात प्रथम येते ते त्याच्या दातांचे भय. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने येणारे मरण ज्याने एकदा पाहिले आहे, त्यास हे भय अनाठायी वाटणार नाही. सुदैवाने या बाबतीत गोव्यात पुष्कळ काम झाले आहे. २०१४ पासून राज्य शासन आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून गावोगाव कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चालविली, शाळाशाळांतून मुलांना धडे दिले, आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्या विषयावरील पत्रके लिहिण्याचे काम अस्मादिकांच्याही वाट्याला आले होते. कुत्र्याविषयी सांगण्यासारखे जे काही आहे ते सारे आपण सांगून टाकले, अशी त्या वेळी माझी समजूत होती. ती किती अपुरी होती हे मला एका शाळामास्तरांच्या चौकसपणामुळे कळले.

माझ्या धाकट्या बहिणीचे घर फोंडा तालुक्यातील एका गावात आहे. मागे कुळागर, पुढे शेणाने सारवलेले अंगण, आणि खेळायला दोन मुले. राखणीला एखादा कुत्रा हवा असे तिच्या घरी चालले होते, तेव्हा मीच ओळखीच्या एका घरून महिनाभराचे एक पिल्लू टोपलीत घालून नेऊन दिले. पिल्लू गुबगुबीत होते, त्याचे पोट नगाऱ्यासारखे तट्ट फुगलेले होते, आणि ते पाहून आम्ही सर्वांनी ‘खाऊन-पिऊन सुखी आहे हो!’ असा निर्वाळा दिला. रेबीजची लस त्याला यथाकाल टोचली. जंताच्या औषधाचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. 

पुढे सुमारे दोन वर्षांनी धाकटा भाचा सात वर्षांचा असताना त्याच्या शाळेतील मास्तरांच्या ध्यानात आले की, हा मुलगा फळ्याकडे पाहताना मान सारखी एका बाजूस कलती करतो. त्यांनी त्याचा एक डोळा हाताने झाकून वाचावयास सांगितले तेव्हा त्याने भराभर वाचून दाखविले. दुसरा डोळा झाकताच तो गप्प उभा राहिला. एका डोळ्याने त्याला जवळजवळ काही दिसत नव्हते, आणि हे त्याने घरी कोणास सांगितलेही नव्हते. लहान मुले असे सांगत नाहीत. एक डोळा चांगला असला की त्यांचे सारे खेळ चालू राहतात. 

नेत्रतज्ज्ञांनी आत पाहिले तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर एक पांढुरका गोळा दिसला. लहान मुलाच्या डोळ्यात पांढरट काही दिसले की वैद्यांच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते, आणि ती येणे योग्यही आहे. पंधरा दिवस बहिणीच्या घरात कोणी धड जेवले नाही. अखेरीस निरनिराळ्या तपासण्या झाल्या, कर्करोग नाही असे निष्पन्न झाले, आणि त्या डॉक्टरांनी विचारले, “घरात कुत्र्याचे पिल्लू होते का?”

मी तेथेच बसलो होतो.

मुलाचा डोळा वाचला, म्हणजे काढावा लागला नाही. मात्र गेलेली दृष्टी परत आली नाही. तो कृमी त्याच पिल्लापासून आला असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही; गावात कुत्री पुष्कळ आणि माती सर्वांची एकच. तरीही तेव्हापासून या विषयाची जी माहिती मिळेल ती मी मिळवीत गेलो, आणि पशुवैद्य व डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून बरेच हैराणही केले. ती माहिती येथे गोळा करून दिली आहे.

गोलकृमी : जन्माआधीच लागलेले जंत

‘गोड खाल्ले की जंत होतात’ ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की, कुत्र्याच्या पिल्लालाही गूळ किंवा शिरा दिला म्हणून जंत झाले असे सांगणारे लोक भेटतात. गुळातून जंत उत्पन्न होत नाहीत. जंत जंताच्या अंड्यापासूनच होतो. पिल्लांच्या बाबतीत तर ही गोष्ट मोठी विलक्षण आहे, कारण पिल्लाने जगात काही खाण्याच्या आधीच जंत त्याच्या शरीरात शिरलेला असतो.

कुत्र्याच्या या गोलकृमीला शास्त्रज्ञ ‘टॉक्सोकॅरा कॅनिस’ म्हणतात. पूर्ण वाढलेला कृमी पांढरट-पिवळसर आणि दोरीसारखा गोल असतो, मादी वीतभर लांबीपर्यंत जाते. मोठ्या कुत्रीने ही अंडी मातीतून गिळली तर त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या आतड्याची भिंत भेदून तिच्या मांसात जाऊन बसतात. तेथे त्या वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. कुत्री दिसावयास ठणठणीत असते, तिची विष्ठा तपासली तरी काही आढळत नाही. मात्र ती गाभण राहिली आणि गर्भारपणाचा दोनतृतीयांश काळ लोटला, म्हणजे या झोपलेल्या अळ्या जाग्या होतात. नाळेतून त्या गर्भातील पिल्लांत उतरतात. जन्मानंतर काही अळ्या दुधावाटेही जातात. परिणामी, पिल्लू तीन आठवड्यांचे होते न होते तोच त्याच्या आतड्यात वयात आलेले कृमी असतात आणि ते अंडी घालू लागतात. एक मादी दिवसाकाठी लाखभर किंवा त्याहूनही अधिक अंडी घालते. अशा किती माद्या एका पिल्लाच्या पोटात असतील आणि एका वेताला किती पिल्ले असतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

याचा अर्थ असा की, दिसावयास सर्वांत गोजिरवाणे आणि मुलांच्या मांडीवर सर्वांत अधिक वेळ असणारे तीन ते बारा आठवड्यांचे पिल्लू, हेच अंगणात सर्वांत जास्त अंडी पसरविणारे असते. फुगलेले पोट, निस्तेज केस, खाऊनही न धरणारे अंग, मधूनच ओकारी आणि त्या ओकारीत वळवळणारे दोरे, ही त्याची लक्षणे होत. आमच्या त्या ‘सुखी’ पिल्लाचे पोट कशाने फुगले होते हे आता सांगावयास नको.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तीवरच पुढील सर्व उपाय आधारलेले आहेत. विष्ठेतून नुकतीच पडलेली ही अंडी कोणालाही बाधू शकत नाहीत. त्यांच्यात अळी तयार व्हावयास हवेप्रमाणे दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे आज पडलेली घाण आजच उचलली तर धोका तेथेच संपला. ती पडून राहिली, पावसाने विरघळली, कोंबड्यांनी उकरली, केरसुणीने अंगणभर झाली, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि खरा धोका तेव्हा सुरू होतो. या अंड्यांचे कवच इतके चिवट असते की ती मातीत महिनोन्‌महिने, अनुकूल जागी वर्षानुवर्षेही, जिवंत राहतात. पुष्कळ घरांत अंगणावर फिनेल शिंपडून निश्चिंत होण्याची पद्धत आहे. फिनेलने वास जातो, माशा जातात. ही अंडी मरत नाहीत. ती मरतात उकळत्या पाण्याने. तेव्हा फरशी किंवा सिमेंटचा चौथरा असेल तर घासून वर कढत पाणी ओतणे उत्तम. मातीच्या अंगणाला मात्र कोणतेही औषध नाही, रोजच्या रोज घाण उचलणे हेच तेवढे हाती उरते.

आता मनुष्याकडे वळू. मातीत खेळून तसेच तोंडात हात घालणारे, किंवा माती खाण्याची खोड असलेले मूल ही पिकलेली अंडी गिळते. मुलाच्या आतड्यात अंडे फुटून अळी बाहेर पडते. परंतु मनुष्य हे तिचे खरे घर नव्हे. आतड्यात राहून मोठे होणे तिला येथे साधत नाही. म्हणून ती वाट चुकलेल्या प्रवाशासारखी यकृतात, फुप्फुसात, क्वचित मेंदूत आणि डोळ्यात भटकत राहते. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा हा जीव! अळ्या थोड्या असल्या तर बहुतेकांना काही जाणवतही नाही. पुष्कळ असल्या तर मुलाला ताप राहतो, खोकला व दम्यासारखी धाप लागते, यकृत वाढते, आणि रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पेशींचे प्रमाण फार चढते. डोळ्यात मात्र एकच अळी पुरते.

यातील मौज म्हणा वा दुर्दैव म्हणा, मुलाची शौच तपासून हा रोग कधीच सापडत नाही, कारण मनुष्याच्या पोटात हा कृमी वाढत नाही आणि अंडीही घालीत नाही. त्यासाठी रक्ताची निराळी चाचणी लागते, आणि ती करावी हे डॉक्टरांना सुचण्यासाठी घरात पिल्लू होते ही गोष्ट पालकांनी आपण होऊन सांगावी लागते.

वैद्यकाला तरी हे सारे कधी कळले? फार जुनी गोष्ट नाही. १९५० साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथील सैनिकी विकृतिशास्त्र संस्थेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेने मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे पुन्हा तपासले. यांतील बरेचसे डोळे कर्करोगाच्या संशयावरून काढलेले होते. त्यांपैकी २४ डोळ्यांत तिला कृमीची अळी किंवा तिचे अवशेष सापडले. १९५२ साली न्यू ऑर्लीन्स येथे पॉल बीव्हर आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांच्या यकृतात भटकणाऱ्या अळ्या या कुत्र्याच्या गोलकृमीच्या असल्याचे दाखवून दिले, आणि १९५६ साली वाइल्डर यांच्या त्या डोळ्यांतील अळ्याही त्याच जातीच्या असल्याचे सिद्ध झाले. त्या चोवीस मुलांच्या आईबापांना खरे कारण कधी कळले की नाही, कोण जाणे. माझ्या बहिणीला ते पंधरा दिवसांत कळले, एवढी प्रगती सत्तर वर्षांत झाली खरी.

शाळांतून दरवर्षी फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, मग आणखी काय हवे, असा प्रश्न एका शिक्षकबंधूंनी मला केला. प्रश्न रास्त आहे. ती गोळी फार उपयोगाची आहे आणि एकाही मुलाने ती चुकवू नये. परंतु ती माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या माणसाच्या जंतांसाठी आहे. यकृतात किंवा डोळ्यात शिरलेल्या कुत्र्याच्या कृमीचा बंदोबस्त त्या एका गोळीने होत नाही. त्याचे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बरेच दिवस चालतात. आणि मुलाला गोळी दिल्याने अंगणातील माती काही स्वच्छ होत नाही.

अनवाणी पाय आणि अंकुशकृमी

दुसरा कृमी आकाराने लहान, दोन सेंटिमीटरच्या आतला, पण स्वभावाने फार दुष्ट. तो आकड्यासारख्या दातांनी आतड्याला चिकटून रक्त पितो, म्हणून त्यास अंकुशकृमी म्हणतात. कुत्रीच्या दुधातून तो पिल्लांत जातो आणि दोन-तीन आठवड्यांची सबंध वीण पांढरीफटक पडून पटापट मरते. ‘दृष्ट लागली’, ‘थंडी बाधली’ अशी कारणे अशा वेळी सांगितली जातात. पिल्लाच्या हिरड्या उघडून पाहाव्यात. त्या गुलाबी असण्याऐवजी कागदासारख्या पांढऱ्या असतील आणि विष्ठा डांबरासारखी काळी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उद्यावर टाकलेले पिल्लू पुष्कळदा उद्या नसते.

या कृमीची अंडी ओलसर, उबदार, सावलीच्या जमिनीत पडली की आठवडाभरात त्यांतून तयार झालेल्या अळ्या वाट पाहत बसतात, आणि उघड्या पायाचा स्पर्श होताच कातडीतून आत शिरतात. कातडीतून कृमी शिरू शकतो हे आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाला कैरो येथे स्वतःच्याच हातावर कळले: अंकुशकृमीच्या अळ्या असलेले पाणी चुकून त्याच्या हातावर सांडले, कातडीला खाज सुटली, आणि काही आठवड्यांनी त्याच्या शौचात त्या कृमीची अंडी दिसू लागली. ही हकीकत १८९८ साली प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळांनी तीवर विश्वास ठेविला नाही.

कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी माणसाच्या कातडीत शिरते खरी, पण बहुधा तिला खाली उतरता येत नाही. मग ती कातडीच्या वरच्या थरातच बोगदा करीत सरकत राहते. पायाच्या तळव्यावर किंवा मांडीवर तांबडी, फुगीर, नागमोडी रेघ उमटते, रोज थोडी थोडी लांब होते, आणि रात्री झोप लागू देत नाही अशी खाज सुटते. समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूत, भरतीच्या रेषेच्या वर, जेथे कुत्री घाण करतात तेथे बसण्या-झोपण्यातून हा त्रास होतो. उष्ण देशांच्या किनाऱ्यांवर सुटी घालवून गेलेल्या परदेशी पाहुण्यांना तो मायदेशी परतल्यावर जाणवतो आणि तेथील डॉक्टर त्याची नोंद करतात. आमचे रापणकार, भाजीच्या वाफ्यात अनवाणी काम करणाऱ्या बायका, बागाईतदार यांच्या पायावरील रेघेची नोंद कोणी करीत नाही. ‘चिखल्या झाल्या’ म्हणून तेल-हळद लावली जाते. ही रेघ ओळखणे सोपे आहे आणि तिचे औषधही प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर देऊ शकतात. खाजवून तीत पू होऊ देऊ नये.

आणखी एक जात आहे, ‘अँकायलोस्टोमा सिलॅनिकम’ नावाची, जी कुत्रा आणि मनुष्य या दोघांच्याही आतड्यात सुखाने वाढते आणि दोघांचेही रक्त पिते. पूर्वी ती माणसात क्वचित आढळते असे मानीत. अलीकडील अभ्यासांवरून दक्षिण व आग्नेय आशियात ती बरीच पसरलेली असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे घरातल्या बाईचे रक्त कमी पडते, लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही, अशा प्रसंगी तिच्या शौचाची तपासणी करताना दारातील कुत्र्याचीही चौकशी झाली तर बरे.

आपल्या पावसाळ्याची उष्ण, ओली चार महिन्यांची हवा या अळ्यांना फार मानवते. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो. कुत्र्याची बसावयाची जागा कुळागराच्या गर्द सावलीत न ठेवता, जेथे दिवसाचे काही तास ऊन येते अशी निवडावी, असे पशुवैद्य सांगतात ते याच कारणासाठी. पायात चपला मात्र बाराही महिने हव्यात.

तांदळाचे दाणे आणि पाण्याच्या गाठी

कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा तो बसतो त्या गोणपाटावर तांदळाच्या दाण्यासारखे, कधी हलणारे कण दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे होत. हा कृमी पिसवांमार्फत पसरतो: अंगावर चावा घेता घेता कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातील अळी त्याच्या पोटात जाते. एखादे मूल कुत्र्याशी खेळताना नकळत पिसू गिळते तेव्हा त्यालाही हाच जंत होतो. तो फारसा घातक नाही आणि औषधाने जातो. पिसवा घालविल्याशिवाय नुसते जंताचे औषध देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

खरा घातक पट्टकृमी निराळा आहे, आणि तो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ‘एकायनोकॉकस’ असे त्याचे नाव. लांबी अवघी तीन ते सहा मिलिमीटर. एका कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंनी असला तरी कुत्र्याला त्याचे काही वाटत नाही. त्याची अंडी गवतावर पडतात, शेळ्या-मेंढ्या, गुरे, डुकरे ती चरताना गिळतात, आणि त्यांच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. जनावर कापल्यावर अशी गाठ असलेले यकृत माणूस खात नाही, पण ‘कुत्र्याला तरी होईल’ म्हणून ते कच्चेच बाहेर फेकले जाते. त्या एका गाठीतून कुत्र्याच्या पोटात पुन्हा हजारो कृमी तयार होतात. हे चक्र आपण आपल्याच हातांनी फिरवीत असतो.

या चक्रात माणूस चुकून सापडतो. गोलकृमीच्या अंड्याप्रमाणे याचे अंडे पिकावयास आठवडे लागत नाहीत. ते बाहेर पडते तेव्हाच बाधू शकते, आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटून राहते. कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवावयास बसणे, त्याच ताटात त्याला चाटावयास देणे, न धुतलेली तांबडी भाजी किंवा मुळा कच्चा खाणे, यांतून ते पोटात जाते. माणसाच्या यकृतात, त्या खालोखाल फुप्फुसात गाठ धरते आणि अगदी सावकाश वाढते. दहा-दहा वर्षे पत्ता लागत नाही. मग उजव्या कुशीत जडपणा, दुखणे, कधी खोकला. क्वचित मार लागून गाठ आतल्या आत फुटली तर शरीराला असा धक्का बसतो की रोगी तासाभरात दगावू शकतो. शिवाय फुटलेल्या गाठीतील बीजांपासून पोटात नवीन गाठी उद्भवतात. पुष्कळदा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि शेतकऱ्याचे एक सबंध वर्ष त्यातच जाते.

या रोगाच्या संदर्भात एक हकीकत वाचली तेव्हा आमच्या प्रसिद्धीच्या धंद्याविषयी मला प्रथमच खराखुरा अभिमान वाटला, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. उत्तरेकडील आइसलँड हे बेट एकोणिसाव्या शतकात या गाठींच्या रोगाने गांजलेले होते. मेंढ्या भरपूर, राखणीची कुत्री भरपूर, आणि कापलेल्या मेंढीचे नको ते भाग कुत्र्यांपुढे टाकण्याची सर्रास चाल. १८६३ साली हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेला. त्याने शंभर कुत्र्यांची आतडी तपासली, तेव्हा अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी आढळला. त्यानंतर त्याने केले काय? तेथील लोकांच्या भाषेत, सोप्या शब्दांत एक लहानशी पुस्तिका लिहिली. ती १८६४ साली छापून घरोघरी फुकट वाटण्यात आली. रोग कशाने होतो, गाठी जाळून वा पुरून का टाकाव्यात, कुत्र्यांना जंताचे औषध का द्यावे, एवढेच तीत होते. आइसलँडचे लोक वाचन करणारे; लांब हिवाळ्याच्या रात्री घरात एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे अशी तेथील रीत. त्यांनी ती पुस्तिका वाचली, आणि विशेष म्हणजे तीप्रमाणे वागले. १८६९ साली कायदाही झाला. विसाव्या शतकात जन्मलेल्या पिढीत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पुस्तिकेचे मोल कळते. रेक्याविक या राजधानीत तर १९२४ पासून १९८४ पर्यंत कुत्रा पाळण्यास बंदीच होती. इतक्या टोकाला जाण्याची गरज आपणांस नाही. 

आपल्याकडे गावच्या बाजारात, जत्रेच्या आणि लग्नकार्याच्या निमित्ताने आडोशाला जनावर कापले जाते, आणि चार पावलांवर कुत्री बसलेली असतात. हे दृश्य पंचायतीच्या सभासदांनी पाहिले नाही असे होणार नाही. गाठी असलेले यकृत वा फुप्फुस जाळावे, अथवा कमरेइतक्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे आणि वर दगड ठेवावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. कुत्र्याला द्यावयाचेच असेल तर चांगले अर्धा तास उकळून द्यावे. माशांच्या आणि कोंबडीच्या टाकाऊ भागांतून हा विशिष्ट रोग होत नाही, तेव्हा त्याविषयी या कारणाने घाबरण्याचे प्रयोजन नाही.

औषध केव्हा आणि कोणते

पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की पहिला डोस द्यावा. ‘एवढ्याशा जिवाला औषध?’ असे आजीबाई म्हणतील. तिसऱ्या आठवड्यात अंडी पडू लागतात, म्हणून त्यापूर्वीच हा डोस हवा. पुढे आठ आठवड्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्याने एकदा, आणि मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. पिल्लांना औषध देताना त्यांच्या आईलाही त्याच दिवशी द्यावे. ती पिल्लांना चाटून स्वच्छ करते आणि त्या चाटण्यातूनच जंत तिच्या पोटात जातात. गाभण कुत्रीसाठी निराळे वेळापत्रक असते, ते पशुवैद्यांना विचारावे.

सर्व जंतांना एकच औषध चालत नाही. पायरँटेलने गोलकृमी आणि अंकुशकृमी जातात, पट्टकृमी जात नाहीत; त्यांना प्राझिक्वांटेल लागते. कच्चे मांस खाणाऱ्या, मेंढपाळांच्या किंवा बाजारात हिंडणाऱ्या कुत्र्यांना हे दुसरे औषध अधिक वेळा देणे इष्ट, कारण तो लहानसा घातक पट्टकृमी पोटात गेल्यापासून सुमारे सहा-सात आठवड्यांत अंडी घालू लागतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते. अंदाजाने अर्धी गोळी दिल्याने जंत मरत नाहीत आणि औषध दिल्याचे खोटे समाधान तेवढे मिळते. गुरांसाठी आणलेले इंजेक्शन उरले म्हणून कुत्र्याला टोचण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो तत्काळ थांबला पाहिजे. आयव्हरमेक्टिनसारखे औषध कॉली जातीच्या कुत्र्याच्या मेंदूवर परिणाम करून त्याचा जीव घेऊ शकते. वावडिंग, लसूण, पपईच्या बिया यांचा आपल्या घरगुती वैद्यकात मान आहे आणि त्याचा अनादर करण्याचा हेतू नाही. परंतु पिल्लाचे वजन, वय आणि जंताची जात यांचा मेळ त्यांच्याशी घालता येत नाही, आणि लसूण कुत्र्याला अपायकारकच आहे.

औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस पडणारी विष्ठा विशेष काळजीने उचलून पुरावी. मरून पडलेल्या कृमींच्या पोटात अंडी असतातच. खड्डा विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर असावा. कुत्र्याची विष्ठा शेणखताच्या ढिगावर टाकून ती भाजीला घालू नये. मुलांच्या खेळासाठी वाळूचा ढीग पडला असेल तर रात्री त्यावर झाकण घालावे. आणि नखे कापणे, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, या गोष्टी शिक्षक मंडळी आधीपासून सांगत आहेतच. त्यांना एकच विनंती की, वर्षातून एकदा वर्गातील प्रत्येक मुलाचा एक एक डोळा झाकून त्याला फळ्यावरील अक्षरे वाचावयास लावावीत. त्यास पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

माझ्या बहिणीच्या घरी कुत्रा अजून आहे. डॉक्टरांनी तो सोडून द्या असे सांगितले नाही, आणि भाच्यानेही ते ऐकले नसते. कालनिर्णयाच्या पानावर दर तीन महिन्यांनी एका तारखेभोवती तांबडे वर्तुळ असते, ते त्यानेच काढलेले असते.

आपल्या कुत्र्याची विष्ठा तपासून घ्यावयाची असेल तर सकाळची ताजी, जमिनीला न लागलेल्या वरच्या भागातील, सुपारीएवढी पुरते. ती झाकणाच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत घालून, बाटलीवर कुत्र्याचे वय व अंदाजे वजन लिहून, त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. दवाखाना लांब असल्यास बाटली उन्हात ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावी. एकदा काही आढळले नाही म्हणून कुत्रा निर्जंत आहे असे समजू नये, आणि गाभण कुत्रीच्या बाबतीत तर नाहीच नाही.